चारी साफ कोणी केली? भूमी-जलाच्या राखणदारांच्या अभ्यासाची प्रस्तावना

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की सणसर, बेलवाडी मागे टाकून लासुर्णे लागते. पुढे जंक्शन आणि अंथुर्णे. आषाढात तुकोबांची पालखी याच वाटेने पंढरीकडे जाते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा असतो, त्यामुळे नवख्या माणसाला हा पाण्याचा मुलूख वाटतो. तसा तो नाही. इंदापूर तालुक्यात वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. इथली हिरवळ बाहेरून आणलेल्या पाण्यावर उभी आहे. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने भाटघरचे धरण बांधायला घेतले, १८८०च्या दशकात नीरा डावा कालवा काढला, आणि पुरंदर-बारामती ओलांडून त्याचे पाणी इंदापूरच्या माळापर्यंत आले. धरण एकदा बांधून होते. कालव्यातून शेताकडे पाणी नेणाऱ्या चारीतला गाळ, पाणी सोडण्याच्या मोग्यात अडकलेली बाभळीची फांदी, फुटलेला बांध, तुंबलेला ओढा ही कामे मात्र दर वर्षी नव्याने उभी राहतात. ती कोण करते, करणाऱ्याच्या पदरात काय पडते आणि समाज त्याची दखल कशी घेतो, हा या अभ्यासाचा विषय.

या विषयाला अजून स्वतःचे घर नाही. विद्यापीठात त्याचा विभाग नाही, ग्रंथालयात त्याचे वेगळे कपाट नाही. मातीचे शास्त्र एकीकडे, सिंचनाची अभियांत्रिकी दुसरीकडे, सहकाराचा इतिहास तिसरीकडे, आणि गावातल्या सत्कारांच्या बातम्या स्थानिक वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर. ही सारी सामग्री एकत्र आणून वाचली तर काय दिसते, हे पाहण्याचे आमंत्रण म्हणजे ही प्रस्तावना. शाळेतला भूगोलाचा शिक्षक, समाजकार्याचा विद्यार्थी, ग्रामसेवक, पाणी वापर संस्थेचा सचिव, यांपैकी कोणालाही इथे मुक्तद्वार आहे. पदव्युत्तर पदवी ही प्रवेशाची अट नाही. रात्री दारे धरण्याचा अनुभव असेल तर तो मोठी जमेची बाजू.

सुरुवात नीरेच्या खोऱ्यातून करण्याला कारण आहे. कालव्याने इथे सुबत्ता आणली आणि तिच्या मागोमाग एक रोगही आणला. पाणी भरपूर झाले, निचरा झाला नाही, जमिनीखालची पाण्याची पातळी वर सरकली आणि तिच्याबरोबर क्षार वर आले. काळी कसदार जमीन पांढरी पडू लागली. शेतकरी तिला चोपण म्हणू लागला. हे इतक्या लवकर घडले की १९१० सालीच पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खारट जमिनींवर स्वतंत्र अहवाल लिहिला. पुढे ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ लिहून महाराष्ट्रातल्या खेड्याच्या शास्त्रीय पाहणीचा पाया घालणारे ते हेच मान. १९१६ मध्ये मुंबई सरकारने सिंचनाची पद्धत शेतीच्या गरजेप्रमाणे सुधारण्यासाठी एक खास विभाग सुरू केला. आज खडकवासल्याला असलेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र त्यातूनच वाढले. म्हणजे देशातल्या एका थोर जलसंशोधन संस्थेचा उगम दख्खनच्या कालव्यांनी उभ्या केलेल्या प्रश्नांत आहे. इंदापूर-बारामतीच्या माणसाला हे सहसा कोणी सांगत नाही.

चोपण जमिनीचा प्रश्न आमच्या विषयाच्या अगदी गाभ्याशी नेतो. अशी जमीन सुधारायची तर निचऱ्याची चर काढावी लागते, किंवा आता करतात तसे जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकावे लागतात. ती चर एकट्याच्या शेतात संपत नाही. वरच्या शेतातले खारे पाणी खालच्याच्या बांधावरून, त्याच्या खालच्याच्या कडेने जात शेवटी ओढ्याला मिळाले पाहिजे. मध्ये कोणी एकाने चर बुजवून दोन सऱ्या वाढवल्या, तर तोटा त्याला होत नाही. वरच्या चार जणांना होतो, तोही लगेच नव्हे, तीन-चार हंगामांनी. ओढ्याच्या तोंडाशी वेडी बाभूळ माजली, तरी तेच. उलट बाजूने पाहा. जो शेतकरी दर उन्हाळ्यात आपल्या हद्दीतली चर उकरून मोकळी ठेवतो, तो वरच्यांची जमीन वाचवतो. पण वाचलेली जमीन डोळ्यांना दिसत नाही. उसाला टनेज मिळाले की श्रेय खताला, बेण्याला आणि मालकाच्या हुशारीला. खालच्या शेतकऱ्याने राखलेल्या चरीला ते कोणी देत नाही, आणि चर राखणारा स्वतःही ते मागत नाही.

असे न झालेले नुकसान मोजायचे कसे, हा या क्षेत्रातला सर्वांत अवघड आणि म्हणूनच सर्वांत रंजक प्रश्न आहे. बंधारा बांधला की कोनशिला बसवता येते, फीत कापता येते, घनमीटर सांगता येतात. चर बुजू दिली नाही याची कोनशिला कुठे बसवणार? आमच्याकडच्या बहुतेक पुरस्कारांची अडचण नेमकी इथे आहे: ते उभारणीला ओळखतात, राखणीला नाही. पुढचे सारे विवेचन याच मुद्द्याभोवती फिरते.

जुन्या समाजाला राखणीचे मोल कळत होते, हे कबूल करावे लागते. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर शतकानुशतके चाललेली सामूहिक सिंचनाची फड पद्धत अभ्यासकांनी बरीच तपासली आहे. तिथे पाणी वाटणारा पाटकरी, पिकावर आणि पाटावर नजर ठेवणारा जागल्या, देखरेखीला हवालदार अशी माणसे फडाने नेमलेली असत आणि त्यांचा मोबदला लाभधारकांकडून, बहुधा धान्याच्या रूपात, ठरलेला असे. सत्कार नव्हता, सुगीत वाटा होता. आपल्याकडे मेंढपाळ शेतात मेंढ्या बसवतो आणि लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो, तोही जमिनीची सेवा ओळखण्याचा एक प्रकारच आहे, फक्त त्याला ‘पर्यावरण’ हे नाव नाही. हे चित्र रंगवताना गोडवे गाण्याचा मोह मात्र टाळावा. जुन्या व्यवस्थेत कोणी कोणते काम करायचे ते पुष्कळदा जातीने ठरत होते, आणि वाट्याबरोबर अपमानही वाट्याला येत होता. वाटा घ्यावा, अपमान सोडावा, इतका विवेक अभ्यासकाकडे हवा.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचे १९९०चे सामूहिक संसाधनांवरचे पुस्तक या क्षेत्रात येणाऱ्याने वाचलेच पाहिजे. स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या कालव्यांपासून फिलिपिन्समधल्या शेतकरी सिंचन संस्थांपर्यंत, दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्था त्यांनी तपासल्या. त्यांचा एक निष्कर्ष लासुर्ण्याच्या शेतकऱ्याला नवा वाटणार नाही: जिथे पाळी ठरलेली असते, तिथे देखरेख फुकटात होते. ज्याची पाळी संपत आली तो ती लांबवू पाहतो, ज्याची पुढची आहे तो वेळेआधी येऊन बांधावर बसतो, आणि दोघांच्या डोळ्यांदेखत चोरी अवघड होते. जिथे वेगळा राखणदार नेमावा लागतो, तिथे तो शेतकऱ्यांना जबाबदार असला तर व्यवस्था टिकते, हेही त्या सांगतात. आपल्या कालव्यावर मात्र पाटकरी सरकारचा, पाणी शेतकऱ्याचे, आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या, गावाचा राग दोघांवर, असा त्रिकोण बराच काळ राहिला. २००५च्या महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमाने हा त्रिकोण मोडायचा प्रयत्न केला. पाणी वापर संस्थेच्या संचालकांत कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि शेवटच्या भागाला सारखे प्रतिनिधित्व द्यावे, ही त्यातली तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांनी व्यवस्थापन हाती घेऊन दाखवलेही. कागदावर संस्था झाली म्हणजे चारी साफ झाली असे मात्र नाही, आणि दोन्हींमधले अंतर मोजायला अजून पुष्कळ विद्यार्थी लागतील.

आता याच खोऱ्यात थोडे वर जाऊ, पुरंदर तालुक्यातल्या नायगावला. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे देवस्थानची उजाड जमीन कराराने घेऊन मृद्-जलसंधारणाचे काम केले, आणि १९७०च्या दशकात पाणी पंचायतीची चळवळ उभी केली. तिचे नियम आज वाचतानाही माणूस थबकतो. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचे. माणशी अर्धा एकर भिजेल इतके, तेही कुटुंबाला एका मर्यादेपर्यंत. योजनेच्या खर्चाचा काही वाटा लाभार्थ्यांनी स्वतः उचलायचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जायचा नाही. ऊस घ्यायचा नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात हक्क.

शेवटच्या नियमाकडे आमच्या विषयाच्या नजरेने पाहावे. पाणलोटाचे काम म्हणजे बांध, चर, ताली. त्यात घाम बहुतेक वेळा भूमिहीनाचा आणि अल्पभूधारकाचा असतो. पाणी मात्र मुरते खाली, नाल्याकाठच्या विहिरींत, आणि त्या विहिरी असतात बऱ्या स्थितीतल्या शेतकऱ्यांच्या. पाणी पंचायतीने या माणसाचा सत्कार केला नाही, त्याला हक्कदार केले. राखणदाराची दखल घेण्याचा यापेक्षा सरस प्रकार महाराष्ट्रात दुसरा झालेला माझ्या पाहण्यात नाही. तो फार पसरला नाही, यातही शिकण्यासारखे आहे. उसावरची बंदी पत्करायला नीरेच्या खालच्या खोऱ्यात कोण तयार होणार होते? वालचंदनगर आणि भवानीनगर या साखरेच्या दोन गावांच्या मधोमध बसून हा नियम वाचला की त्याचे धाडस आणि त्याची मर्यादा एकाच वेळी कळते.

मग आपण सत्कारांकडे वळलो. राज्यात वनश्री पुरस्कार आहेत. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आले आणि ‘स्पर्धा’ हे गावाला हलवण्याचे साधन ठरले. पुढे जलसंधारणाच्या मोहिमा आल्या. २०१६ साली पानी फाउंडेशनने सत्यमेव जयते वॉटर कप तीन तालुक्यांत सुरू केला, पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातले वेळू जिंकले. २०१८पर्यंत स्पर्धा ७५ तालुक्यांत पोचली आणि माण तालुक्यातली टाकेवाडी पहिली आली. या स्पर्धेची थट्टा करणाऱ्यांपैकी मी नाही. भर उन्हाळ्यात, पहाटेच्या अंधारात, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे एका माळावर कुदळी घेऊन उभी राहिली, हे साधे यश नव्हे. पण मुदत होती ४५ दिवसांची. चर भरून न येता कितीतरी पावसाळे टिकायला हवी. बक्षीस मिळालेल्या आणि न मिळालेल्या गावांतल्या चरींची आजची स्थिती शेजारी शेजारी ठेवून पाहणारा अभ्यास हे या क्षेत्रातले हातात घेण्याजोगे पहिल्या दर्जाचे काम आहे.

श्रमदानाचा आणखी एक हिशेब मांडायचा राहतो. बागायतदार एक सकाळ देतो तेव्हा त्याची फार तर झोप जाते. रोजंदारीवरचा मजूर तीच सकाळ देतो तेव्हा त्याची मजुरी जाते. दोघांच्या नावापुढे एकच हजेरी लागते. बायकांचे तर नावही बरेचदा लागत नाही. श्रमदानाची नोंद कुटुंबाच्या नावाने होते, कुटुंब पुरुषाच्या नावाने, आणि पाटी वाहिलेले हात भाकरी थापायला परत गेलेले असतात. गावाच्या सत्काराच्या छायाचित्रांत व्यासपीठावर कोण आहे आणि मांडवाच्या कडेला कोण, एवढे मोजले तरी एका लेखाचे साहित्य होते. शिवाय दखल एका माणसावर येऊन थांबण्याची आपली खोड जुनी आहे. राळेगणसिद्धी म्हटले की अण्णा हजारे, हिवरे बाजार म्हटले की पोपटराव पवार. पहिल्यांना १९९२ साली पद्मभूषण, दुसऱ्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली; ते मान योग्यच आहेत. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली ती मात्र शेकडो घरांनी, आणि पाळणे हे मुख्यतः काहीतरी न करण्याचे काम असल्यामुळे त्याला पदक देण्याची सोय कुठल्याच नियमावलीत नाही.

पैसे दिले तर सेवाभाव मरतो का, हा वाद या विषयात वारंवार येईल. रिचर्ड टिटमस या इंग्रज अभ्यासकाने १९७०मध्ये रक्तदानावर लिहिताना तो प्रभावीपणे मांडला: दानाला किंमत चिकटली की दाते मागे हटतात. वाद महत्त्वाचा आहे, पण आपल्याकडे तो फार लवकर सरकारच्या सोयीचा होतो. यशदा या सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या जलसाक्षरता केंद्राने राज्यापासून गावापर्यंत जलनायक, जलयोद्धा, जलप्रेमी, जलदूत, जलसेवक अशी पदनामांची उतरंड रचली. नावे सुरेख आहेत. प्रश्न असा की कालव्यावरची पदे रिकामी राहत असतील आणि त्यांची कामे ‘सेवक’ म्हणून गावकऱ्यांकडे येत असतील, तर तो गौरव आहे की बदली कामगार मिळवण्याची सोय? ग्रामपंचायतीत पाण्याचे नमुने घेणारा जलसुरक्षक तुटपुंज्या मानधनावर काम करतो, आणि गावाचे आरोग्य त्याच्या नियमितपणावर अवलंबून असते. त्याला फलक देण्याआधी मानधन वेळेवर द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाहेरच्या जगातले एक उदाहरण नीरेच्या खोऱ्याला विशेष जवळचे आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतातही जमिनीत क्षार वर येत होते, माती वाहून जात होती. १९८६ साली विंजालोक या लहानशा ठिकाणी शेतकऱ्यांचा पहिला ‘लँडकेअर’ गट बसला. त्यामागे दोन स्त्रिया होत्या: प्रांताच्या मंत्री जोन कर्नर आणि शेतकरी संघटनेच्या अध्यक्ष हेदर मिचेल. सरकार आणि शेतकरी संघटना, एरवी एकमेकांवर डोळे वटारणाऱ्या बाजू, एका टेबलाशी आल्या. तिथला धडा पुरस्कारांचा नाही, आखणीचा आहे. क्षार शेताची हद्द ओळखत नाहीत, म्हणून गट हद्दीप्रमाणे न करता पाणी वाहते त्या उताराप्रमाणे करायचा. लासुर्ण्याच्या परिसरात निचऱ्याचा गट करायचा झाला, तर तोही सर्व्हे नंबरांवरून न ठरता ओढ्यावरून ठरला पाहिजे.

पाण्यावर इतके बोलताना माळ विसरू नये. कालव्याच्या रेषेबाहेर इंदापूर अजून गवताळ आहे. कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आणि लांडगा राहतात, आणि हा भाग आता वन्यजीव पाहणाऱ्यांच्या नकाशावर आला आहे. माळाला सरकारी कागदांत फार काळ पडीक म्हटले गेले. त्यामुळे तो राखणारी माणसेही कागदावर कुठेच नाहीत. धनगराला कोणत्या ओढ्यात कधीपर्यंत पाणी असते आणि लांडग्याची पिले कुठे असतात हे ठाऊक असते. मेंढरू गेले तरी तो पुष्कळदा गप्प राहतो. त्या गप्प राहण्याची किंमत कोण मोजतो? इथे नुकसानभरपाई वेळेत मिळणे हीच दखल.

आता काम कुठून सुरू करायचे ते. साधने गावातच आहेत. ग्रामपंचायतीची इतिवृत्ते आणि ठराव वाचावेत. कोणत्या वर्षी ओढा साफ करण्याचा विषय आला आणि कोणत्या वर्षी नुसता पुढे ढकलला, हे त्यांत सापडते. सातबाऱ्यावरचे पोटखराब क्षेत्र जुन्या उताऱ्यांशी ताडून पाहावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. अटल भूजल योजनेत पुरंदर, बारामती, इंदापूर हे तालुके आल्यापासून गावांचे पाण्याचे ताळेबंदही मांडले गेले आहेत. कारखान्याच्या माती परीक्षणाच्या जुन्या नोंदी मिळाल्या तर सोन्याहून पिवळे. या कागदांच्या जोडीला एक आवर्तन पाटकऱ्याबरोबर चारीच्या तोंडापासून टेलपर्यंत चालावे, रात्रीच्या पाळीलाही. मुलाखत घेताना ‘तुम्ही काय काम केले’ असे विचारू नये. चांगली माणसे त्यावर ‘काही नाही’ म्हणतात. ‘तुम्ही गेल्या वर्षी हे केले नसते तर कोणाचे शेत गेले असते’ असे विचारावे. आणि तेच वरच्या शेतकऱ्यालाही विचारावे, कारण दखल घेण्याचे काम मुळात त्याचे आहे.

वाचकांना, विशेषतः या पट्ट्यातल्या शाळा-महाविद्यालयांना आणि पाणी वापर संस्थांना, एक विनंती आहे. येत्या उन्हाळी आवर्तनापूर्वी आपल्या गावात एक साधी वही घाला. तिच्यात एवढेच लिहा: कोणती चारी, चर किंवा ओढा साफ झाला, कोणत्या तारखेला, कोणी केला, त्यात किती बायका आणि किती पुरुष होते, कोणाची मजुरी बुडाली, आणि त्याचा लाभ कोणाच्या शेताला झाला. पाच वर्षे ही वही चालू ठेवा, दर वर्षी ग्रामसभेत वाचून दाखवा, आणि लाभ झालेल्यांनी राखणाऱ्यांना काय द्यायचे ते त्याच सभेत ठरवा.